ओळखीची मोटार

‘पिकतें तेथें विकत नाहीं’ ही म्हण मोटारींच्या बाबतींत कितपत खरी आहे, हें पहावयाचें असल्यास पिंपरी-चिंचवडसारखें दुसरें ठिकाण सांपडणें कठीण. आकुर्डीस बजाज, पिंपरीस टाटा, चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीझ आणि महिंद्र असे एकाहून एक मोठे कारखाने गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या पट्ट्यांत उभे राहिले. १९९८ सालीं गाजलेली टाटांची इंडिका पिंपरीच्याच कारखान्यांत जन्मास आली. दिवसभर मोटारींची जुळणी करून कंटाळलेला मनुष्य संध्याकाळीं घरीं येतांना रस्त्यावरच्या मोटारींकडे मान वर करूनहि पाहणार नाहीं, असेंच कोणास वाटेल. परंतु प्रत्यक्षांत गोष्ट उलट आहे. मोटारीकडे प्रेमानें आणि बारकाईनें पाहणारे लोक या भागांत आहेत. आणि मौज अशी, कीं त्यांच्यापैकीं कित्येकांचा जीव जडलेला असतो तो येथें तयार होणाऱ्या मोटारींवर नव्हे, तर जपानी बनावटीच्या वेगवान मोटारींवर. प्रवासी मोटारी तयार करणारा जपानी कंपनीचा एकहि कारखाना या पट्ट्यांत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे म्हणीचा अर्थ पुरता पटतो.

रहाटणी हें पवनेच्या कांठचें गांव. काळेवाडी, थेरगांव आणि पिंपळे सौदागर यांच्याशीं तें आतां इतकें जुळून गेलें आहे, कीं शीव कोठें संपते हें नवख्या माणसास सांगतां येत नाहीं. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत जाणारीं आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत जाणारीं अशीं दोन्ही प्रकारचीं कुटुंबें येथें शेजारीं-शेजारीं राहतात. सकाळच्या गर्दींत कोकणे चौकांत खोळंबलेल्या मोटारींमध्यें एखादी वीस-बावीस वर्षांची, बुटकी, साधीशी दिसणारी मोटार असते. पायीं जाणाऱ्यास तिच्यांत विशेष असें कांहीं दिसत नाहीं. पण समोरून तशीच दुसरी मोटार आली, कीं तिचा चालक क्षणभर दिवे लुकलुकवितो. हा चालक चाकावरचीं चार बोटें उचलतो. आणि दोघेहि आपापल्या वाटेनें निघून जातात. त्या माणसांची एकमेकांशीं ओळख नसते. ओळख असते ती मोटारींची. ही ओळख कशी पटते, ती कोणत्या उपयोगाची, आणि तिला मर्यादा कोणत्या असाव्यात, या तीन गोष्टींचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम वेगवान मोटार कोणास म्हणावें, हें पाहिलें पाहिजे. जिच्या वेगमापकावर मोठा आंकडा छापलेला असतो ती वेगवान, अशी सामान्य समजूत आहे. जाणकारांची व्याख्या याहून निराळी आहे. थांबलेल्या स्थितींतून मोटार किती लवकर वेग घेते, वळणावर रस्ता किती घट्ट धरून राहते, आणि ब्रेक दाबल्यावर किती थोड्या अंतरांत उभी राहते, या तिन्ही गोष्टींचा मेळ जिच्यांत बसला आहे ती खरी वेगवान मोटार. इंजिन जोरदार पण ब्रेक दुबळे, अशी मोटार वेगवान नव्हे. ती केवळ धोक्याची होय.

असा मेळ घालण्यांत जपान पुढें कसा आला, याची हकीकत मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी मोटार म्हणजे लहान, स्वस्त आणि काटकसरी वाहन, अशीच तिची ख्याति होती. १९६४ सालीं सुझुका येथील शर्यतींत प्रिन्स नांवाच्या कंपनीनें एक धाडस केलें. आपल्या ‘स्कायलाइन’ नांवाच्या साध्या कौटुंबिक मोटारीचें नाक सुमारें वीस सेंटीमीटर लांबवून तिच्यांत सहा नळकांड्यांचें मोठें इंजिन बसविलें, आणि पोर्शे कंपनीच्या खास शर्यतीच्या मोटारीसमोर ती उभी केली. पोर्शेच जिंकली, परंतु एका फेरीपुरती कां होईना, ती कौटुंबिक मोटार पोर्शेच्या पुढें होती. जपानी लोकांनीं ती एक फेरी कधींच विसरली नाहीं. १९६६ सालीं प्रिन्स कंपनी निसानमध्यें विलीन झाली, १९६९ सालीं स्कायलाइनची ‘जीटी-आर’ ही आवृत्ति निघाली, आणि १९८९ सालच्या जीटी-आरनें तर ऑस्ट्रेलियांतील बाथर्स्टची नामांकित शर्यत १९९१ व १९९२ अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकली. तेथील एका मासिकानें तिला ‘गॉडझिला’ या जपानी चित्रपटांतील राक्षसाचें नांव दिलें, तें तिला कायमचें चिकटलें.

या यशाच्या मुळाशीं ज्या युक्त्या होत्या, त्यांपैकीं दोन समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली टर्बोची. लोहार भात्यानें वारा घालतो तेव्हां कोळसा अधिक प्रखर जळतो, हें सर्वांनीं पाहिलेलें आहे. इंजिनांतहि जितकी हवा अधिक, तितकें पेट्रोल अधिक जाळतां येतें आणि तितकी शक्ति अधिक मिळते. टर्बोमध्यें इंजिनाचा जो धूर वायां जावयाचा, त्याच्याच झोतानें एक लहान चक्र फिरतें. त्याच दांड्यावर बसविलेलें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरतें. म्हणजे येथें भाता चालविणारा माणूस नाहीं; आगच आपला भाता आपण चालविते. दुसरी युक्ति होंडा कंपनीनें १९८९ सालीं इंटेग्रा या मोटारींत आणलेली ‘व्हीटेक’ ही होय. चालणाऱ्या माणसाचा श्वास आणि धांवणाऱ्याचा श्वास सारखा नसतो. परंतु जुन्या इंजिनांत हवा आंत घेणारीं झांकणें, ज्यांना व्हॉल्व्ह म्हणतात, तीं मंद गतींत आणि जलद गतींत सारख्याच मापानें उघडत. होंडाच्या अभियंत्यांनीं तेलाच्या दाबानें सरकणारी एक खीळ योजून इंजिनाची गति वाढतांच हीं झांकणें अधिक आणि अधिक वेळ उघडतील अशी व्यवस्था केली. त्यामुळें केवळ १.६ लिटरच्या इंजिनांतून टर्बोशिवाय १६० अश्वशक्ति मिळूं लागली. बाजारांत जातांना काटकसरी आणि घाटांत गेल्यावर चपळ, असे दोन स्वभाव एकाच इंजिनांत नांदूं लागले.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. शक्तीची ही चढाओढ जोरांत असतांनाच, १९८९ च्या सुमारास, जपानांतील अपघातांचे बळी वर्षाला दहा हजारांवर गेले होते. तेव्हां तेथील मोटार कंपन्यांनीं आपसांत समजुतीनें ठरविलें, कीं देशांत विकल्या जाणाऱ्या मोटारीची शक्ति २८० अश्वशक्तीहून अधिक जाहीर करावयाची नाहीं. हा संकेत २००४ पर्यंत चालला. कांहीं मोटारींची खरी शक्ति जाहीर आंकड्याहून अधिक असे, हें सर्वांस ठाऊक होतें. तरीहि ज्यांनीं वेग निर्माण केला, त्यांनींच त्याला वेसण घालण्याची गरज प्रथम कबूल केली, हा धडा विसरण्यासारखा नाहीं.

आतां या मोटारी आपल्याकडे कशा आल्या, किंबहुना बहुतेक कां आल्या नाहींत, हें पाहूं. जपानांत वाहनें आपल्यासारखींच रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतात, व चालकाचें चाकहि उजवीकडे असतें. त्यामुळें तेथील जुन्या मोटारी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, श्रीलंका, केनिया इत्यादि देशांत सहज जाऊन पोंचल्या. हिंदुस्थानांत मात्र आयातीवर जबर जकात आहे, आणि वापरलेली मोटार आणावयाची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी अशी अट आहे. म्हणून १९९० नंतरच्या दशकांतील गाजलेल्या स्कायलाइन, सुप्रा किंवा आरएक्स-७ या मोटारी येथें सरळ मार्गानें येऊं शकल्या नाहींत. पुढें २०१० च्या सुमारास मित्सुबिशीची ‘लॅन्सर इव्होल्यूशन’ आणि निसानची ‘३७०-झेड’ अधिकृतपणें आणली गेली. डिसेंबर २०१६ मध्यें निसानची जीटी-आर आली, तेव्हां तिची किंमत सुमारें दोन कोटि रुपये होती. अशा मोटारी घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिचें उत्पादनहि ऑगस्ट २०२५ मध्यें जपानांत बंद झालें.

मग मध्यम स्थितींतील माणसाचें प्रेम कोणत्या मोटारीवर बसलें? १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली आणि सुझुकीच्या रूपानें जपानी इंजिन आपल्या घराघरांत शिरलें, हें खरें. परंतु वेगाची चटक लावली ती १९९८ सालच्या दोन मोटारींनीं. एक होंडाची ‘सिटी’ आणि दुसरी हिंदुस्थान मोटर्सच्या सहकार्यानें तयार झालेली मित्सुबिशीची ‘लॅन्सर’. फिनलंडचा टोमी माकिनेन हा मोटारचालक १९९६ ते १९९९ अशीं सलग चार वर्षें रॅलीचा जगज्जेता झाला, तो लॅन्सर इव्होल्यूशन चालवून. रॅलींत उतरणाऱ्या मोटारीच्या किमान २,५०० सारख्या प्रति विक्रीसाठीं काढल्या पाहिजेत, असा त्या काळीं शर्यतीचा नियम होता. त्यामुळें शर्यतीची मोटार व बाजारांतील मोटार यांचें रक्ताचें नातें राही. आपल्याकडील लॅन्सरचें इंजिन साधें १.५ लिटरचें होतें, परंतु अंगलोट माकिनेनच्या मोटारीचीच. दूरचित्रवाणीवर बर्फांतून उडणारी मोटार पाहिलेल्या मुलाला तोच आकार आपल्या आळींतून जातांना दिसला, तर त्याला काय वाटलें असेल, याची कल्पना करतां येईल. सिटीची गोष्ट निराळी. तिच्यांत पुढें १.५ लिटरचें व्हीटेक इंजिन आलें. त्याची शक्ति १०६ अश्वशक्ति, आणि मोटारीचें वजन थोडें. तीं मुलें आतां चाळिशींत आलीं आहेत, आणि त्यांच्यापैकीं कांहींनीं लहानपणीं पाहिलेली तीच मोटार जुन्या बाजारांतून शोधून काढली आहे.

अशी मोटार ओळखावयाची कशी? सामान्य मनुष्य नांवाची पट्टी वाचतो. जाणकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवीत नाहीं, कारण पट्टी कोणासहि चिकटवितां येते. तो प्रथम चाकांच्या फटींतून ब्रेकचा आकार पाहतो. मग चाकांवरच्या कमानी रुंदावलेल्या आहेत कीं काय, हें पाहतो. पुढच्या जाळीमागें दाबलेली हवा थंड करणारी जाळीदार पेटी दिसली, तर इंजिन टर्बोचें असण्याचा संभव फार. मागें चार वाटोळे दिवे दिसले, कीं निसानच्या जीटी-आरची वंशपरंपरा लक्षांत येते. आणि डोळ्यांच्या आधीं कित्येकदां कानच काम करतात. सुबारूच्या इंजिनांत दट्टे उभे नसून आडवे, समोरासमोर हालतात. त्याचा घुमणारा आवाज एकदां ऐकला म्हणजे विसरत नाहीं.

याचें एक नामी उदाहरण आपल्याच रस्त्यांवर आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं शेव्हरोले या अमेरिकी नांवानें ‘फॉरेस्टर’ ही मोटार येथें विकली जाई. नांव अमेरिकी असलें, तरी ती मोटार मूळची सुबारूची. तिच्या दारांच्या कांचांना वरून चौकट नसते, चारहि चाकांना शक्ति मिळते, आणि इंजिनाचा आवाज सुबारूचाच येतो. शेजाऱ्यास ती एक जुनी बंद पडलेली मोटार वाटते. पण जाणकार तिच्या कांचेवरून तिचें कुळ सांगतो. वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक पानाच्या शिरांवरून झाड ओळखतो, त्यांतलाच हा प्रकार. निरीक्षण, तुलना आणि स्मरण या तिन्हींचें शिक्षण येथें आपोआप मिळतें.

परंतु हा केवळ ओळखीचा खेळ असता, तर त्याच्यावर इतकें बोलण्याचें कारण नव्हतें. या ओळखीवर जुन्या मोटारीचें आयुष्य अवलंबून असतें. मित्सुबिशीची नवी मोटार हिंदुस्थानांत मिळेनाशी होऊन आतां वर्षें लोटलीं. शेव्हरोलेनेंहि २०१७ सालीं येथील विक्री बंद केली. कंपनी गेली म्हणजे हळूहळू सुटे भाग जातात, आणि तें इंजिन उघडण्याचा सराव असलेले मेकॅनिकहि कमी होतात. पुढच्या दिव्याची एक कांच फुटली, म्हणून चांगली चालती मोटार महिनोन् महिने उभी राहते. अशा वेळीं त्याच जातीच्या दुसऱ्या मोटारीच्या मालकाची गांठ पडणें, याचें मोल मोठें असतें. कोणाकडे जास्तीचा दिवा असतो. कोणास ठाऊक असतें, कीं अमक्या मोटारीचा रबरी भाग तमक्या मोटारीस चालतो. कोणी भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपमधून तसाच भाग लेथवर कातून घेतलेला असतो. ज्या पट्ट्यांत हजारों हात यंत्रकामांत मुरलेले आहेत, तेथें ही अखेरची सोय इतर ठिकाणांहून सुलभ आहे. अशा रीतीनें येथें न पिकलेली मोटार येथल्याच कारागिरीवर जगते.

कायदाहि जुन्या मोटारीची परीक्षा पाहतो. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते. पुढें तपासणी करून दर पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. हें शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालें, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठीं तें १०,००० रुपये ठरलें. त्याखेरीज पर्यावरण कर निराळाच. म्हणून ‘एम.एच.-१४’ या क्रमांकाची एखादी जुनी सिटी अथवा लॅन्सर स्वच्छ धूर सोडीत रस्त्यावर चालतांना दिसली, तर तिच्या मालकानें किती खटपट आणि खर्च केला असेल, हें समोरच्या मालकास एका दृष्टिक्षेपांत कळतें. तें दिवे लुकलुकविणें म्हणजे त्या खटपटीला दिलेली पावती असते.

आतां मर्यादांविषयीं. दोन ओळखीच्या मोटारी शेजारीं-शेजारीं आल्या, कीं तरुण मनांत स्पर्धा जागी होते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. वर सांगितलेली शक्ति शर्यतीच्या बंदिस्त मार्गासाठीं आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरसुद्धां सपाट भागांत मोटारीस ताशीं १०० किलोमीटरचीच मर्यादा आहे. मग शाळा सुटण्याच्या वेळीं रहाटणीच्या रस्त्यावर ती किती असावी, हें सांगावयास नको. मे २०२४ मध्यें पुण्यांतील कल्याणीनगर येथें भरधांव परदेशी मोटारीच्या धडकेनें दुचाकीवरील एक तरुण आणि एक तरुणी मृत्युमुखीं पडलीं. ती मोटार जपानी नव्हती. परंतु रस्त्यावरील माणसास देश कोणता याचें काय सोयरसुतक? अशी एक घटना शेंकडों सभ्य मालकांच्या वाट्यास संशय आणून ठेवते.

मोटारींत फेरफार करण्याचा प्रश्नहि असाच आहे. नोंदणीपुस्तकांत कंपनीनें जें वर्णन दिलें आहे, त्याहून निराळी होईल अशी मोटार बदलतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें दिला. आणि त्याच वर्षींच्या दुरुस्त कायद्यानें अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठीं पांच हजार रुपयांच्या दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. कर्णकर्कश सायलेन्सर लावल्यानें मोटार अधिक धांवत नाहीं. फक्त शेजारचें तान्हें मूल जागें होतें. खरा शौकीन आपली मोटार मूळ स्थितींत आणण्यासाठीं झटतो.

ओळख पटविण्याचाहि एक शिष्टाचार आहे. मोटारीचें छायाचित्र काढून मित्रमंडळींस पाठविण्याची चाल आतां सर्वत्र आहे. त्यांत क्रमांकाची पट्टी झांकावी, व ती मोटार रोज कोठें उभी असते हें कळूं देऊं नये. दुर्मिळ मोटारीच्या सुट्या भागांवर चोरांचाहि डोळा असतो. चालत्या वाहनांतून छायाचित्र काढूं नये. आणि कोणाच्या मोटारीस त्याच्या अनुमतीवांचून हात लावूं नये. दुसऱ्याच्या घोड्यास परक्या माणसानें हात लावूं नये, हा जुना दंडक येथेंहि लागू आहे.

पुष्कळ घरांतून या नादाविषयीं कुरकुर ऐकूं येते. नवी मोटार घेण्याची ऐपत असतां मुलगा जुन्या डब्यावर पैसे घालतो, असें वडीलधाऱ्यांस वाटतें. त्यांनीं रागें भरण्यापूर्वीं त्याला तीन प्रश्न विचारून पहावे: टायर आणि ब्रेक केव्हां तपासले? नोंदणी, विमा आणि धुराचा दाखला आज तारखेस चालू आहे काय? आणि मागच्या वेळीं मोटार बिघडली, तेव्हां कोण मदतीस आलें? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक नसतील, तर किल्ली काढून घ्यावी. तीं समाधानकारक असतील, तर तिसऱ्याचें उत्तर नीट ऐकावें. ज्याचें आडनांवहि ठाऊक नव्हतें, असा कोणी मनुष्य केवळ सारखी मोटार म्हणून रात्रीं दहा वाजतां सुटा भाग घेऊन थेरगांवहून आला, अशी एखादी हकीकत त्यांत निघण्याचा संभव आहे. एकाच इमारतींत राहून एकमेकांचीं नांवें न जाणणाऱ्या आजच्या शहरांत, एवढ्या कारणानें का होईना, माणसें एकमेकांस ओळखूं लागलीं, तर तो तोट्याचा व्यवहार म्हणतां येणार नाहीं.